दोन हजार दोनशे बासष्ट टिळे

मासिलामणी : किती सुयांना, कण्णू?

पूंगोडी : सगळ्यांना, मास्टर.

मासिलामणी : विणायच्या मशीनच्या दाराला, चाकाला, तेलाच्या डब्याला टिळा लावलास, ते मी नाही विचारत. सकाळी मशीनला हात लावून नमस्कार केला, तर सुयांवरून फिरलेल्या बोटाला चंदन लागलं. म्हणून विचारतोय. किती सुयांना?

पूंगोडी : सगळ्या सुयांना. प्रत्येकीला चंदनाचा टिळा आणि त्यावर कुंकवाचा ठिपका. अगरबत्तीच्या काडीने लावले, सुई वाकू नये म्हणून. चार तास लागले.

मासिलामणी : मी जरा बसतो. खुर्ची कुठेय?

पूंगोडी : तुमच्या मागे. नाही, थोडी डावीकडे. अजून थोडी. हां.

मासिलामणी : पूंगोडीबाई, आपण जरा समोर येण्याची कृपा कराल का?

पूंगोडी : मास्टर, 'आपण' नको ना! लाडाने 'कण्णू' म्हणता तेच म्हणा, नाहीतर शिव्या द्या हव्या तर. आमचे अप्पाही भडकले की असेच आदबीने बोलतात. 'आपण जेवलात का' म्हणाले की समजायचं, आज मार आहे.

मासिलामणी : आपणांस हे करायला सांगितलं कोणी?

पूंगोडी : तुम्हीच! परवा म्हणालात, आयुधपूजेला एकही हत्यार टिळ्यावाचून राहता कामा नये, एक जरी विसरलं तरी वर्षभर रुसून बसतं. मी विचारलं, सुईसुद्धा? तर तुम्ही म्हणालात, सुई तर सगळ्यांत आधी, सुई आहे म्हणून हे बनियनांचं तिरुपूर आहे.

मासिलामणी : अगं, ते दर वर्षीचं भाषण आहे माझं! लोक मान डोलावतात, मशीनच्या दाराला बोटभर चंदन फासतात आणि चुरमुरे खायला पळतात. तेहतीस वर्षांत ते कुणी मनावर घेतलं नव्हतं.

पूंगोडी : मी विद्यापीठात पहिली आलेय, मास्टर. सांगितलेलं सगळं करायची खोड आहे मला.

मासिलामणी : पहिली आलीस ना? मग सांग, सुई काय करते?

पूंगोडी : वर जाताना तिच्या टोकाच्या आकड्याची झडप, म्हणजे जीभ, उघडते, आकड्यात ती नवा धागा घेते. खाली येताना जीभ मिटते, जुना टाका जिभेवरून घसरून पडतो आणि नवा तयार होतो. याची आकृती मी सोळा वेळा काढली आहे. दर वेळी पैकीच्या पैकी गुण.

मासिलामणी : आणि जिभेच्या सांध्यात चंदन वाळून दगड झालं तर?

पूंगोडी : तर जीभ उघडणार... अय्यो.

मासिलामणी : आता अय्यो!

पूंगोडी : आकृतीत चंदन नव्हतं हो, मास्टर!

मासिलामणी : तुझ्या कॉलेजात मशीन नव्हती का एखादी, नुसत्या आकृत्याच होत्या?

पूंगोडी : होती की. पण तिला उद्घाटनाची फीत बांधलेली होती. फीत कापायला कुणी मोठा माणूस यायचा होता, तो चार वर्षांत आलाच नाही. आम्ही फितीच्या बाहेरून बघायचो. परीक्षेलासुद्धा बाहेरूनच.

मासिलामणी : देवा पळणी आंडवा! दोन हजार दोनशे अडुसष्ट सुया!

पूंगोडी : बासष्ट.

मासिलामणी : काय बासष्ट?

पूंगोडी : दोन हजार दोनशे बासष्ट. मशीनचा घेर काढला, इंचाला चोवीस सुया धरल्या, गुणाकार केला. तेवढेच टिळे मोजून लावले.

मासिलामणी : कण्णू, ही मशीन जर्मनीहून पेटीतून आली तेव्हा सुया मी माझ्या हाताने बसवल्यात. अडुसष्ट आहेत.

पूंगोडी : तरीच!

मासिलामणी : काय तरीच?

पूंगोडी : शेवटी सहा सुया कोऱ्या दिसल्या होत्या. हिशेबाने तर सगळ्या झालेल्या. मला वाटलं, माझ्या बाहीने पुसल्या गेल्या. चंदनही संपलं होतं, मग सोडल्या.

मासिलामणी : म्हणजे दोन हजारांच्या तोंडात चंदन कोंबलंस आणि सहा जणी उपाशी ठेवल्यास. धड पापही पुरतं केलं नाहीस.

पूंगोडी : पण काल संध्याकाळी तुम्ही आला होतात की! मशीनपुढे हात जोडून पाच मिनिटं उभे होतात. म्हणालात, वा, कशी स्वच्छ, कोरीकरकरीत दिसतेय माझी आई. मला वाटलं, टिळे आवडले तुम्हाला.

मासिलामणी : हं.

पूंगोडी : लाल ठिपके होते, मास्टर. दाराबाहेरून दिसत होते. तुम्हाला दिसले नाहीत?

मासिलामणी : चष्मा नव्हता.

पूंगोडी : नाकावरच होता.

मासिलामणी : मग डोळे मिटलेले असतील. भक्तीत मिटतात माणसाचे.

पूंगोडी : मास्टर, माझ्या हातात आत्ता काय आहे?

मासिलामणी : हा काय प्रश्न झाला? पक्कड आहे.

पूंगोडी : केळं आहे. प्रसादाचं.

मासिलामणी : इथे उजेड कमी आहे.

पूंगोडी : आपण दारात आहोत. ऊन आहे.

मासिलामणी : हळू बोल, भिंतीला कान असतात.

पूंगोडी : शेडमध्ये कुणी नाही. पोरं दसऱ्याची गावी गेलीत, दुपारनंतर येणार. सांगा ना, मास्टर.

मासिलामणी : मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. वर्ष होऊन गेलं. तू आत्ता समोर आहेस ना, ती मला एक पिवळी पिशवी दिसतेस. बोलणारी.

पूंगोडी : आणि वर्षभर मशीन कशी चालवताय?

मासिलामणी : कानाने. सुई मोडली की हिचा सूर बदलतो. धागा ताणला गेला की ही कण्हते. कापड बोटांना कळतं. दिसायची गरजच काय? दिसणारे काय दिवे लावतात ते बघतोच आहे मी आज.

पूंगोडी : शस्त्रक्रिया करून घ्या की! आमच्या आत्याची अर्ध्या तासात झाली. संध्याकाळी घरी येऊन मालिका बघत होती.

मासिलामणी : डॉक्टर म्हणतात, नंतर महिनाभर कापसाच्या धुळीत पाऊल टाकायचं नाही. महिनाभर मशीन कुणाच्या हवाली करू? त्या पोरांच्या? ती सुयांना तेल घालतात ते डोशाला घातल्यासारखं. म्हणून तर तुला शिकवायची घाई केली. तू तयार व्हायच्या आधी आपल्या मालकिणीला, अक्काला, कळलं, तर ती मला कायमचा घरी बसवील. आणि घरी ऐकायला आहे काय, कण्णू? मिक्सर.

पूंगोडी : मी नाही सांगणार अक्काला.

मासिलामणी : मीही नाही सांगणार तुझ्या टिळ्यांचं. पण सांगायची गरज कुठे आहे? साडेनऊला मुहूर्त. अरुक्काणी अक्का येणार, मशीन तू चालू करणार, पहिलं कापड हातात घेऊन ती त्यावरून बोट फिरवणार. मालकीण असली म्हणून काय झालं, पंचवीस वर्षं चेकिंगच्या टेबलावर कापड चाचपलंय तिने. तिच्या बोटाला केसाएवढी रेघ कळते.

पूंगोडी : माहितीये मला. रेघ नसली तर मी मशीनवर. रेघ निघाली तर उद्यापासून चेकिंगच्या टेबलावर, बाकीच्या बायकांबरोबर, जन्मभर. मास्टर, मला दुसऱ्यांच्या मशीनच्या चुका नाही मोजायच्या. मला चालवायचीये ही. फितीच्या आत यायचंय मला.

मासिलामणी : आता रडू नको. किती वाजले?

पूंगोडी : सव्वाआठ.

मासिलामणी : सव्वा तास आहे. सुयांचं तेल आण, आणि एक बारीक ब्रश.

पूंगोडी : ब्रश कुठेय?

मासिलामणी : माझ्या कपाटात बघ. खालचा कप्पा.

पूंगोडी : मिळाला. हा छान आहे, केस मऊ आहेत याचे. तेलात बुडवते. सुई खाली दाबून जिभेवर घासायचा ना?

मासिलामणी : वरच्या वर, मांजर अंग चाटतं तसा. टाके अडकलेले आहेत सुयांवर, ते निसटले तर सगळं कापड खाली येईल आणि मग दुपारपर्यंत आपण दोघं टाके चढवत बसू. हळू. हां. आता निघतंय, वास येतोय चंदनाचा. ब्रश कुठल्या रंगाचा आहे?

पूंगोडी : हिरवा. दांड्यावर 'मा' कोरलंय.

मासिलामणी : तो माझा दात घासायचा आहे.

पूंगोडी : शेडमध्ये का ठेवता?

मासिलामणी : जेवणानंतर घासतो. डॉक्टरांनी सांगितलंय. दातांच्या डॉक्टरांनी. मीसुद्धा कुणीतरी सांगितलेलं करतो कधीकधी. चालू दे, आता गेलाच तो.

पूंगोडी : अर्धा फेरा झाला. किती चिकट लगदा निघालाय! लाल-पिवळा.

मासिलामणी : पुढे सरक. मी मागून फडक्याने पुसत येतो. माझी बोटं बघ कशी चालतात. ही झाली. ही झाली. ही नाही झाली, जिभेखाली कण आहे अजून.

पूंगोडी : बरोबर! तुम्हाला कसं...

मासिलामणी : बोट आहे ना. डोळे काय, शोभेला असतात.

पूंगोडी : झाला फेरा पुरा. नऊला पाच कमी. त्या सहा सोडल्या, त्या कोऱ्याच होत्या.

मासिलामणी : शाब्बास. आता हवेची नळी आण, एक फुंकर मारून घेऊ. सांध्यात राहिलं असेल तेवढं निघेल.

पूंगोडी : मास्टर, कुंकू उडेल. मशीनच्या ताटलीत कालचं कितीतरी कोरडं सांडलंय.

मासिलामणी : अगं, तेलात भिजलंय सगळं. ओलं काही उडत नाही. तेहतीस वर्षांचा अनुभव आहे. सोड हवा.

(हवा सुटते. दोन मिनिटं शेडमध्ये कुणालाच काही दिसत नाही.)

मासिलामणी : कण्णू, मला काहीच दिसत नाहीये.

पूंगोडी : मलाही नाही.

मासिलामणी : मग ठीक आहे. मला वाटलं, आजार वाढला.

पूंगोडी : मास्टर, तुमचे केस लाल झालेत. भुवयापण.

मासिलामणी : केस गेले खड्ड्यात! सुताचे कोन? नव्वद कोन पांढऱ्या सुताचे! लाल झाले तर संपलं सगळं!

पूंगोडी : पांढरेच आहेत. हवा सोडायच्या आधी मी ताडपत्री टाकली होती त्यांच्यावर.

मासिलामणी : कधी टाकलीस?

पूंगोडी : तुम्ही म्हणालात ना, तेहतीस वर्षांचा अनुभव आहे, तेव्हाच.

मासिलामणी : तू शिकशील, पोरी. शिकशील तू. आता मशीन हळूच चालू कर. दोन फेरे बघू.

पूंगोडी : मुहूर्ताआधी?

मासिलामणी : अगदी हळू कर. देवाला ऐकू जाणार नाही.

पूंगोडी : चाललीये, मास्टर! विणतीये! पण कापड गुलाबी येतंय.

मासिलामणी : तेल-कुंकवाचं पाणी उतरतंय ते. येऊ दे. किती गुलाबी?

पूंगोडी : लग्नाच्या मंडपाइतकं. आता फिकं होतंय. आता अबोली. आता... आता पांढरं, मास्टर! शुभ्र!

मासिलामणी : थांबव. खालून कात्रीने तेवढं गुलाबी कापून काढ. सरळ काप. आता टाक कुठेतरी.

पूंगोडी : कुठे टाकू? तीन हात कापड आहे, नळीसारखं. कचऱ्याचा डबा अक्का रोज उघडून बघते.

मासिलामणी : कपाटात?

पूंगोडी : कपाटाची किल्ली अक्काकडे असते. कपाट सकाळी उघडं होतं तेच नशीब, आता दार लागून कुलूप बसलंय. मास्टर, स्कूटर! अक्काची स्कूटर!

मासिलामणी : ती नातवाच्या मागे बसून येते, उतरायला वेळ लागतो तिला. गुडघे. आण इकडे ते कापड. माझ्या सदऱ्यात कोंब. पोटावर. अजून. अगं, हळू, माणूस आहे मी, पोतं नाही.

पूंगोडी : सातवा महिना दिसतोय.

मासिलामणी : हसू नको! तोंड पूस. कुंकू पूस. नाही, माझं नको, तू पसरवतेयस ते.

अरुक्काणी : काय गं हे? मारिअम्मनच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालून आलात का दोघं?

पूंगोडी : वणक्कम, अक्का. पूजा... पूजेचं कुंकू जरा उडालं. वाऱ्याने.

अरुक्काणी : पानही हलत नाहीये बाहेर. मासिलामणी, केसांना काय केलंत?

मासिलामणी : मेंदी, अक्का. म्हटलं, दसरा आहे.

अरुक्काणी : भुवयांनासुद्धा?

मासिलामणी : उरली होती थोडी.

अरुक्काणी : आणि हे पोट? काल नव्हतं.

मासिलामणी : चुरमुरे, अक्का. प्रसादाचे. वरून पाणी प्यायलो. फुगले.

अरुक्काणी : डावीकडेच फुगलेत सगळे.

मासिलामणी : मी डाव्या कुशीवर झोपतो.

अरुक्काणी : बरं. मुहूर्त टळायला नको. कोहळा ओवाळून फोडला ना दाराशी? ठीक. पोरी, हात जोड आणि चालू कर. आज शिकण्याचा दिवस आहे. शाळेत पोरं तांदळात अक्षर गिरवतायत, तू हे गिरव.

पूंगोडी : करते, अक्का. आई, नीट चाल गं.

मासिलामणी : सूर साफ आहे. ऐका, अक्का, काय सूर आहे! मधमाशी लाजेल.

अरुक्काणी : मला तुम्हाला ऐकायचं नाहीये, मासिलामणी. मला कापड बघायचंय. हं. बास. थांबव. कापून दे हातभर.

पूंगोडी : हे घ्या, अक्का.

अरुक्काणी : घट्ट आहे. एकसारखं आहे. टाके सुरेख बसलेत. हं.

मासिलामणी : बघा, मी म्हणत होतो...

अरुक्काणी : रेघ आहे.

पूंगोडी : कुठे?

अरुक्काणी : आहे. उभी रेघ, वरपासून खालपर्यंत. एक सुई बरोबर चालत नाहीये.

मासिलामणी : शक्यच नाही, अक्का. तुमच्या बोटाला भास झाला असेल. थंडी आहे.

अरुक्काणी : तिरुपुरात? ऑक्टोबरात? बरं, माझं बोट म्हातारं झालं. तुमच्या डोळ्यांनी बघा. या इकडे उजेडात आणि दाखवा मला, या कापडावर कुठेही रेघ नाही.

मासिलामणी : नाही. नाहीच आहे. हे काय, कसं पांढरंशुभ्र...

अरुक्काणी : तुम्ही हातात माझ्या साडीचा पदर धरलाय.

पूंगोडी : अक्का, चूक माझी आहे! मास्टरांची नाही. काल मी एकेका सुईला चंदन-कुंकू लावलं. दोन हजार दोनशे बासष्ट टिळे. मला कळायला हवं होतं, जीभ अडकेल म्हणून. मास्टरांनी सकाळपासून माझ्याबरोबर घासून काढलं, त्यांच्या दातांच्या ब्रशने. त्यांच्या पोटात कापड आहे. मला पाठवा चेकिंगला. पण त्यांना काही बोलू नका.

मासिलामणी : गप्प बस, कण्णू. अक्का, पोर वेडी आहे. टिळे लावायला मी सांगितलं. आणि काल संध्याकाळी समोर उभा होतो, मला एकही टिळा दिसला नाही. डोळे गेलेत माझे. वर्ष झालं, तुमच्यापासून लपवलं. तेहतीस वर्षं तुमचं मीठ खाल्लं आणि वर्षभर फसवलं. लाज वाटते मला. तिला टेबलावर नका पाठवू. ही मशीनपाशी शोभते. घरी मला पाठवा.

अरुक्काणी : झालं दोघांचं? आता मी बोलू? टिळे मला काल दुपारीच दिसले होते.

पूंगोडी : काल दुपारी?

अरुक्काणी : प्रसाद घेऊन आले होते मी, दारापर्यंत. ही बाई मान मोडून एकेका सुईला काडी लावतेय. तोंडाने आकडे. चौदाशे अकरा, चौदाशे बारा. मी पंधरा मिनिटं उभी होते, तिने वर बघितलं नाही.

मासिलामणी : मग थांबवलं का नाहीत, अक्का?

अरुक्काणी : चंदनच होतं, सिमेंट नव्हतं. धुतलं की जातं. म्हटलं, सकाळी बघू, ही कॉलेजची पोर रडत ऑफिसात पळते की हातात ब्रश घेते. साडेआठपासून समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेय मी. तुमच्या खिडकीतून लाल धूर निघाला तेव्हा टपरीवाला अग्निशमन दलाला फोन लावत होता. मी त्याला म्हटलं, राहू दे, आमच्याकडे शिकवणी चालू आहे.

मासिलामणी : आणि स्कूटर?

अरुक्काणी : रस्त्याच्या त्या बाजूवरून या बाजूला आणली. ते जाऊ द्या. पोरी, रेघ अजून आहेच. कुठल्या सुईची?

पूंगोडी : मी शोधू?

अरुक्काणी : मग काय, मी शोधू?

पूंगोडी : ही रेघ... कापडावरून वर, वर... बोट काढत नाही मी... इथे सुयांच्या सिलिंडरला पोचते. मास्टर! ही त्या सहांतली आहे!

मासिलामणी : बघा! मी काय सांगत होतो? टिळा नाही मिळाला, रुसली! माझं भाषण खोटं नाही, अक्का. पुढल्या वर्षीपासून ते आणखी जोरात करणार मी.

पूंगोडी : रुसली नाही, मास्टर. बाकीच्या सगळ्या आज घासल्या आपण, या सहाच राहिल्या. हिच्या जिभेखाली जुना कापूस दाटून बसलाय. आणि जीभपण थोडी वाकलीये.

अरुक्काणी : सगळ्या बहिणींची न्हाणी झाली आणि हिला कुणी विचारलं नाही. म्हणजे रुसलीच की. बदल ती.

पूंगोडी : पक्कड द्या, मास्टर.

मासिलामणी : मी करतो, दोन मिनिटांचं काम आहे.

अरुक्काणी : मासिलामणी.

मासिलामणी : ही माझी पक्कड आहे, अक्का. हिच्या दांड्याला माझ्या अंगठ्याचा खळगा पडलाय. आजवर कुणाच्या हातात दिली नाही.

अरुक्काणी : म्हणून तर म्हणतेय.

मासिलामणी : घे, कण्णू. फार दाबू नको. ती स्वतःच धरते.

पूंगोडी : पट्टी काढली. सुई आली. नवी घालते. टाका चढवला. बसली का? मास्टर, बोट लावून बघा.

मासिलामणी : जरा खाली. हां. बसली.

पूंगोडी : चालू करते.

अरुक्काणी : हं. येऊ दे. अजून एक हात येऊ दे. थांबव. हे बघा, इथपर्यंत रेघ आहे. आणि इथून पुढे... तुम्हीच लावा बोट.

मासिलामणी : इथे आहे. इथे आहे. इथे... नाही. संपली, अक्का. खरंच संपली.

पूंगोडी : पण पहिल्या कापडावर रेघ निघालीच, अक्का. आपलं ठरलं होतं. मग मी उद्या टेबलावर किती वाजता येऊ?

अरुक्काणी : टेबलावर माझी भाची येईल. बिनरेघेचं कापड देतो म्हणणारे रोज दारात उभे असतात. रेघ कुठल्या सुईची ते बोट ठेवून सांगणारा मला तेहतीस वर्षांत एकच मिळाला, आणि तो आत्ता केस लाल करून बसलाय. तू सकाळी साडेसातला ये. मशीनवर.

पूंगोडी : अक्का!

अरुक्काणी : पाया नको पडूस, तेलकट आहेस. आणि सांगितलेलं सगळं करायची खोड सोड. अर्धं करत जा. यांचं असेल तर पाव.

मासिलामणी : मला तरी वाईट वाटू द्या नीट, अक्का.

अरुक्काणी : आधी ते पोट काढा बाहेर. अरे वा! दसऱ्याच्या पहिल्या कापडाचं बनियन दर वर्षी तुम्हाला मिळतं ना? यंदा याचं शिवायचं.

मासिलामणी : याचं? हे तर गुलाबी आहे म्हणे!

अरुक्काणी : तुम्हाला दिसतंय का?

मासिलामणी : नाही.

अरुक्काणी : मग तक्रार कसली?

मासिलामणी : लोकांना दिसेल ना!

पूंगोडी : मी सांगेन, मास्टर, आत्ता हीच फॅशन आहे. परदेशात सगळे मास्टर गुलाबीच घालतात.

मासिलामणी : अक्का, एक विचारू? माझ्या डोळ्यांचं तुम्हाला आत्ताच कळलं ना?

अरुक्काणी : गेल्या पोंगलच्या आधीपासून माहीत आहे.

मासिलामणी : कसं?

अरुक्काणी : त्या महिन्यात टेबलावर ठेवलेला चहा तुम्ही तीनदा सांडलात. त्यानंतर कधी सांडलात?

मासिलामणी : नाही. एकदाही नाही.

अरुक्काणी : का नाही?

मासिलामणी : कारण... तुम्ही हातात देता.

अरुक्काणी : मंगळवारी कोइमतूरच्या डॉक्टरांकडे जायचंय, नातू गाडी घेऊन येईल. महिनाभर इकडे फिरकायचं नाही, मशीन ही सांभाळील. परत आलात की तुमचा चहा पूर्वीसारखा टेबलावर ठेवीन. टपरीवरून आणलाय आत्ता, थंड होतोय. हात पुढे करा.